कोळसा आणि पिण्याचें पाणी

आमच्या लहानपणीं आरोग्याच्या शालेय पुस्तकांत घडवंचीवर एकावर एक मांडलेल्या चार मडक्यांचें चित्र असे. वरच्या मडक्यांत गढूळ पाणी, दुसऱ्यांत कोळसा, तिसऱ्यांत वाळू व खडे, आणि सर्वांच्या खालीं स्वच्छ पाणी झेलणारा घडा. हें चित्र आम्हीं परीक्षेंत कित्येकदां काढिलें व त्याचे पुरे गुणही मिळविले. परंतु कोळसा तेथें काय करितो, हें आम्हांस कोणीं विचारिलें नाहीं, आणि आम्हींही कोणास विचारिलें नाहीं. गेल्या पावसाळ्यांत नववीच्या वर्गांत हेंच चित्र फळ्यावर काढीत असतां मागच्या बाकावरून एका विद्यार्थ्यानें विचारलें, "गुरुजी, कोळशाला हात लावला तर हात काळा होतो, मग त्यांतून गेलेलें पाणी पांढरें कसें होतें?" वर्ग हंसला. प्रश्न मात्र हंसण्यासारखा नव्हता, आणि त्याचें उत्तर तासाच्या उरलेल्या दहा मिनिटांत मावण्याजोगेंही नव्हतें. तें येथें सावकाश देण्याचें योजिलें आहे.

पाण्यांतील घाण दोन जातींची असते, हें प्रथम लक्षांत घ्यावें. एक तरंगणारी आणि दुसरी विरघळलेली. माती, शेवाळ, काडीकचरा ही पहिली जात. पाणी स्थिर ठेविलें, तुरटी फिरविली, अथवा आपले पूर्वज करीत त्याप्रमाणें घड्याच्या आंतून निवळीचें बीं उगाळून लाविलें, म्हणजे ही घाण गुठळ्या होऊन तळाशीं बसते. उरलीसुरली वाळू अडविते. दुसऱ्या जातीस हे उपाय लागू पडत नाहींत. गुळाचें पाणी चौपदरी फडक्यांतून दहा वेळां गाळून पाहावें. गाळ जाईल, पण रंग आणि गोडी जशीच्या तशी राहील. कारण विरघळलेल्या पदार्थाचे रेणु सुटे होऊन पाण्याच्या रेणूंत मिसळलेले असतात, आणि ज्या भोंकांतून पाणी जातें त्यांतून तेही सुखानें जातात. कुजक्या पानांचा पिवळट रंग, तळ्याच्या पाण्यास येणारा मातकट वास, शेतांतून वाहून आलेलीं कीटकनाशक औषधें हीं सर्व या दुसऱ्या जातींतलीं. कोळशाचें खरें काम येथें आहे. तो चाळणी नव्हे.

कोळशाचा हा गुण प्रथम वायूंच्या बाबतींत ध्यानांत आला. स्वीडनमध्यें शेले यानें १७७३ सालीं व इटलींतील फोंताना यानें १७७७ सालीं, कोळसा आपल्या आकारमानाहून कितीतरी अधिक वायु गिळतो असें दाखविलें. पाण्यांतील पदार्थांविषयींचा शोध रशियांतील सेंट पीटर्सबर्ग येथें टोबियास लोवित्स नांवाच्या औषधिशास्त्रज्ञास १७८५ सालीं लागला. तो टार्टारिक आम्लाचे स्फटिक करीत असे. द्रावण तापवितां तापवितां तपकिरी होई व स्फटिक मळकट निघत. त्या द्रावणांत कोळशाची पूड पडतांच रंग नाहींसा झाला. पुढें त्यानें तोच प्रयोग निरनिराळ्या रंगीत व दुर्गंधी द्रवांवर केला, आणि जहाजावर पिंपांत सांठविलेलें पाणी कोळशानें पिण्याजोगें राखतां येईल असें सुचविलें. त्यानंतर थोड्याच वर्षांत साखरेच्या कारखानदारांनीं ही युक्ति उचलली. त्यांत जनावरांचीं हाडें जाळून केलेला कोळसा विशेष गुणकारी ठरला. स्वदेशीच्या चळवळींत परदेशी साखर हाडांनीं बाटलेली आहे म्हणून आपल्याकडील पुष्कळ घरांतून ती वर्ज्य झाली, त्या तक्रारीचें मूळ या कारखान्यांत होतें. असो.

आतां कोळसा आंतून कसा असतो तें पाहूं. लांकूड म्हणजे असंख्य पोकळ पेशींची रचना. हवा कोंडून तें तापविलें म्हणजे त्यांतील पाणी, धूर व डांबर निघून जातें आणि बहुतांशीं कर्ब मागें राहतो. लोणारी लोक भट्टी मातीनें लिंपतात ती याचसाठीं; हवा मिळाली तर कोळशाऐवजीं राखच हातीं येईल. परंतु या साध्या कोळशांत एक उणीव राहते. त्याच्या आंतील बहुतेक पोकळ्यांचीं तोंडें डांबरानें बुजलेलीं असतात. घर आहे, खोल्या आहेत, पण दारें लिंपून टाकलेलीं, अशी त्याची स्थिति. हीं दारें उघडण्याच्या रीतींचे हक्क रफाएल ओस्त्रेइको यानें १९०० व १९०१ या वर्षीं नोंदविले. त्यांतील एक रीति अशी: तयार कोळसा आठशें ते हजार अंश सेंटिग्रेड इतका तापवून त्यावरून पाण्याची वाफ सोडावयाची. त्या उष्णतेंत वाफ कर्बाशीं भिडते, त्याचा कण न् कण कुरतडते आणि कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन असे दोन वायु होऊन निघून जाते. प्रथम डांबर जातें, मग भिंती पोखरल्या जातात. जुनीं छिद्रें रुंदावतात, नवीं पडतात. वाफ फार वेळ सोडली तर दोन छिद्रांमधील भिंतच ढांसळते आणि मिळविलेलें सर्व जातें. म्हणून कोठें थांबावें हें जाणणें हेंच या धंद्यांतील कसब. दुसऱ्या रीतींत लांकडाच्या भुशास जस्ताचें क्लोराइड किंवा फॉस्फरिक आम्ल चोळून मग तें भाजतात. कोणत्याही रीतीनें जो कोळसा सिद्ध होतो त्यास सक्रिय कोळसा असें म्हणतात.

या कामास नारळाच्या करवंटीसारखा कच्चा माल विरळा. तिचें लांकूड दाट, कठीण व राख थोडी. त्यामुळें तिच्या कोळशांत अत्यंत बारीक छिद्रें पडतात आणि दाणे सहजीं चुरडत नाहींत. पहिल्या महायुद्धांत, २२ एप्रिल १९१५ रोजीं, ईप्र येथें जर्मनांनीं क्लोरीन वायु सोडल्यावर विषारी वायूंपासून शिपायांचें रक्षण करणारे मुखवटे तांतडीनें हवे झाले. रशियांत झेलिन्स्की या रसायनशास्त्रज्ञानें त्याच वर्षीं कोळशाचा मुखवटा सिद्ध केला. अमेरिकेंत करवंट्या पुरेनात, तेव्हां १९१८ सालीं सरकारनें लोकांस फळांच्या आठोळ्या व कठीण कवचांचीं टरफलें जमा करण्याची विनंति केली, आणि शाळांतील मुलांनीं पीच नांवाच्या फळाच्या आठोळ्या गोळा करून दिल्या. आपल्या कोंकणांतील परसांत जी करवंटी चुलींत जाते, तिचें मोल यावरून कळावें.

परंतु छिद्रें पडल्यानें एवढें काय साधतें? हें समजण्यास थोडें गणित करावें लागेल. विद्यार्थ्यांनीं कागद-पेन्सिल घ्यावी. एक सेंटिमीटर बाजूचा घन घेतला तर त्याच्या सहा बाजू मिळून सहा चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग होतो. त्याचे मिलिमीटर बाजूचे तुकडे केले तर एक हजार तुकडे होतील, आणि त्यांचा एकंदर पृष्ठभाग साठ चौरस सेंटिमीटर भरेल. वस्तु तेवढीच, पृष्ठ दसपट. तुकडे आणखी बारीक करीत गेलें कीं पृष्ठ वाढत जातें. सक्रिय कोळशांत तुकडे न करितां हेंच आंतून साधलेलें असतें. त्याच्या एका ग्रॅमचा, म्हणजे चिमूटभर पुडीचा, आंतील पृष्ठभाग साधारणतः पांचशें ते पंधराशें चौरस मीटर असतो. एक हजार धरला तर तो दहा गुंठ्यांच्या जवळपास होतो. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांचे वडील शेतकरी आहेत. दहा गुंठे म्हणजे किती रान हें त्यांस सांगावयास नको. तेवढें रान घडी घालून चिमटींत बसविलेलें आहे!

ही मोजणी सांखळी टाकून होत नाहीं, हें उघड आहे. १९३८ सालीं ब्रुनावर, एमेट व टेलर या तिघांनीं तिची रीति बसविली. उणें १९६ अंशांपर्यंत थंड केलेल्या कोळशावर नायट्रोजन वायु सोडावयाचा. त्याचे रेणु भिंतींवर थर धरून बसतात. एक थर पुरा होण्यास किती वायु लागला हें त्यांच्या सूत्रानें काढितां येतें, आणि एक रेणु किती जागा अडवितो हें ठाऊक असल्यामुळें सबंध जागेचा हिशेब लागतो. सभागृहांत किती माणसें खेटून बसलीं हें मोजून त्याचें क्षेत्रफळ काढावें, तसाच हा प्रकार.

आंतील छिद्रें एकाच मापाचीं नसतात. त्यांचें माप सांगण्यास नॅनोमीटर हें परिमाण लागतें; एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले असतां त्यांतील एक भाग म्हणजे नॅनोमीटर. माणसाचा केंस सत्तर-ऐशीं हजार नॅनोमीटर जाड असतो. कोळशांतील पन्नास नॅनोमीटरहून रुंद छिद्रें हे राजरस्ते. त्यांतून पाणी व त्यांतील पदार्थ आंत शिरतात. दोन ते पन्नासपर्यंतचीं छिद्रें या गल्ल्या. आणि दोनहून अरुंद ते बोळ. करवंटीच्या कोळशाचें दहा गुंठे रान बहुतेक सगळें या बोळांतच असतें. राजरस्त्यांनीं व गल्ल्यांनीं केवळ तेथपर्यंत पोंचावयाचें.

पोंचल्यावर काय होतें? येथें एका शब्दाचा घोंटाळा टाळला पाहिजे. टिपकागद शाई पितो, स्पंज पाणी पितो, तसें कोळसा घाण पीत नाहीं. पिणें म्हणजे शोषण. त्यांत पदार्थ सर्वांगांत भिनतो. कोळशांत तो केवळ भिंतीच्या पृष्ठावर चिकटून राहतो, आणि यास अधिशोषण म्हणतात. हा भेद दाखविणारा स्वतंत्र शब्द जर्मन शास्त्रज्ञ कायझर यानें १८८१ सालीं रूढ केला. भाद्रपदांत गवतांतून चालत गेलें असतां धोतरास कुसळें चिकटतात. तीं धोतरांत भिनत नाहींत, पण सुटतही नाहींत. येथें कुसळाचें काम एक सूक्ष्म आकर्षण करितें. कोणतेही दोन रेणु अगदीं जवळ आले कीं एकमेकांस किंचित् ओढतात. हॉलंडमधील व्हान डर वाल्स या शास्त्रज्ञाचें नांव या ओढीस दिलेलें आहे. ही ओढ दुबळी असते व अंतर थोडें वाढतांच नाहींशी होते. रुंद रस्त्यांत रेणूस एकाच भिंतीची ओढ लागते व तो पाण्याबरोबर पुन्हां निसटूं शकतो. अरुंद बोळांत मात्र दोहों बाजूंच्या भिंती त्यास ओढतात. बोळांत शिरलेला रेणु सहसा बाहेर येत नाहीं, याचें कारण हें आहे.

तथापि सगळेच पदार्थ चिकटतात असें नाहीं. कर्बाच्या भिंतीचें पाण्याशीं विशेष सख्य नाहीं. ज्यांचें पाण्याशीं तसेंच बेताचें असतें ते पदार्थ, म्हणजे रंग, डांबराचे व तेलाचे अंश, बहुतेक कीटकनाशकें, पाणी सोडून भिंतीचा आश्रय घेतात. मिठाची गोष्ट उलट आहे. त्याचे विद्युद्भारित कण पाण्याच्या रेणूंनीं चोहोंकडून घट्ट वेढलेले असतात. तें कडें मोडून भिंतीकडे जाण्याचें त्यांस कारण नसतें. म्हणून खारें पाणी कोळशांतून खारेंच बाहेर येतें, आणि जड पाणी जडच राहतें.

हें सर्व आम्हीं नववीच्या वर्गाकडून प्रयोगशाळेंत करवून घेतलें. दोन चंचुपात्रांत मेथिलीन ब्लू या रंगाचें आकाशासारखें निळें पाणी घेतलें. एकांत चुलींतल्या कोळशाची पूड, दुसऱ्यांत तितकीच सक्रिय कोळशाची पूड घालून दहा मिनिटें ढवळलें आणि गाळणकागदांतून गाळलें. पहिलें पाणी थोडें फिकें झालें. दुसरें विहिरीच्या पाण्यासारखें निर्मळ उतरलें. नंतर ऊर्ध्वपातित पाण्यांत मीठ विरघळवून तें सक्रिय कोळशावरून नेलें, आणि गाळलेल्या पाण्यांत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले. दह्यासारखा पांढरा साका तत्काळ आला. मीठ हललें नव्हतें. एका उत्साही विद्यार्थ्यानें आम्हांस न विचारतां पोटॅशियम परमँगनेटचें जांभळें पाणी घेतलें आणि त्याचाही रंग गेला म्हणून तो आनंदला. त्यास सांगावें लागलें कीं, येथें चिकटणें नव्हे, दुसरेंच कांहीं घडलें. कर्बाशीं रासायनिक क्रिया होऊन तो पदार्थच पालटला. चूक खरी, पण उपयोगी. कारण नळाच्या पाण्यांतील क्लोरीनचा वास कोळसा घालवितो तोही अशाच रीतीनें. क्लोरीन भिंतीवरील कर्बाशीं क्रिया करून निरुपद्रवी क्लोराइड होतो, आणि भिंत तेवढी झिजते.

मोठ्या शहरांच्या पाणीपुरवठ्यांत कोळसा शिरला तोही चव व वास यांच्या पायीं. कारखान्यांतून नदींत येणारें फिनॉल आणि जंतुनाशासाठीं घातलेला क्लोरीन यांच्या संयोगानें पाण्यास औषधासारखी असह्य चव येते. अमेरिकेंत व जर्मनींत त्यावर कोळशाचा उपाय योजिला गेला. मिशिगनमधील बे सिटी येथें १९३० सालीं दाणेदार सक्रिय कोळशाचे गाळणहौद बांधले गेले. पुढें १९७४ सालीं रॉटरडॅमच्या पाणीखात्यांतील रोक या रसायनशास्त्रज्ञानें, कुजक्या पानांच्या अंशांशीं क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरोफॉर्मसारखे पदार्थ होतात, असें दाखविलें. तेव्हांपासून कोळशाचा प्रश्न चवीपुरता राहिला नाहीं.

आतां आम्हांस एक गोष्ट सांगावयाची आहे. ती सांगणें सुखाचें नाहीं, पण हा लेख लिहिण्याचें अर्धें कारण तीच आहे. आमच्या परिचयाचें एक कुटुंब गांवाबाहेर राहतें. त्यांच्या विहिरीच्या पाण्यास पावसाळ्यांत वास येई, म्हणून त्यांनीं आमचा सल्ला विचारला. आम्हीं मोठ्या विश्वासानें कोळशाची नळी असलेलें एक गाळणयंत्र सुचविलें. वास गेला, पाणी कांचेसारखें दिसूं लागलें, आणि इतकें सुरेख पाणी उकळावयाचें तरी कशास, असें म्हणून त्या घरीं पाणी उकळण्याचें बंद झालें. दुसऱ्या पावसाळ्यांत घरचीं दोन्ही मुलें विषमज्वरानें अंथरुणास खिळलीं. धाकटी मुलगी तीन आठवडे रुग्णालयांत होती. पाण्याची तपासणी करविली, तेव्हां विहिरीच्या पाण्यांत जंतु सांपडले. आणि गाळलेल्या पाण्यांत त्यांची संख्या त्याहूनही अधिक भरली. त्या मुलीच्या आईनें आम्हांस दोष दिला नाहीं. तिनें एवढेंच विचारलें, "आम्हांला यंत्र सांगितलंत, तेव्हां उकळा असंही कां नाहीं सांगितलंत?"

वर दिलेलीं मापें पुन्हां पाहिलीं तर यांत आश्चर्य कांहींच नाहीं. विषमज्वराचा जंतु एक हजार नॅनोमीटरहून लांब. बोळ दोन नॅनोमीटरचा. हत्तीनें मुंगीच्या बिळांत शिरावें तसें तें होईल. कावीळ आणणारा एक विषाणु अवघा सत्तावीस नॅनोमीटरचा, पण त्यासही तो बोळ अपुराच. मग हे जीव कोळशाच्या दाण्यांमधील मोकळ्या जागांतून पाण्याबरोबर सरळ खालीं उतरतात. इतकेंच नव्हे, कांहीं तेथेंच बिऱ्हाड करितात. कोळशानें क्लोरीन घालविलेला असतो, म्हणजे त्यांचा शत्रु नाहींसा केलेला असतो. शिवाय पाण्यांतील सेंद्रिय पदार्थ भिंतीवर गोळा करून ठेविलेले असतात, म्हणजे अन्नही वाढून ठेविलेलें असतें. रात्रभर नळी पाण्यानें भरून स्वस्थ राहिली कीं सकाळच्या पहिल्या पाण्यांत त्यांची प्रजा उतरते. अलीकडे कांहीं नळ्यांतील कोळशावर चांदीचा अंश चढवितात तो ही वाढ आटोक्यांत राहावी म्हणून. त्यावरही पाणी निर्जंतुक होतें असें समजूं नये.

दुसरें असें कीं, दहा गुंठे झाले तरी तें रान संपणारें आहे. बोळ भरले कीं घाण पुढें जाऊं लागते, आणि याची वर्दी देणारें चिन्ह कोळशावर उमटत नाहीं; भरलेला कोळसा रिकाम्या कोळशाइतकाच काळा. घरीं धुऊन किंवा उकळून तो पुन्हां नवा होत नाहीं. पाणीखात्याचे कोळसे भट्टींत आठशें अंशांच्या आसपास तापवून पुन्हां जागे करितात. घरची नळी मात्र बदललीच पाहिजे. तसेंच पाणी हळू सोडावें. रेणूस राजरस्त्यावरून गल्लींत व गल्लींतून बोळांत भटकत जावयाचें असतें. धबधब्यासारखें पाणी सोडलें तर त्याला वळावयास अवसर कोठून मिळणार? नवा कोळसा प्रथम पाण्यास काळें करितो, तें दोनतीन वेळां ओतून द्यावें. मागच्या बाकावरील आमच्या मित्रास हवें होतें तें उत्तर हेंही आहे.

यवतमाळ, चंद्रपूर वगैरे जिल्ह्यांतील कित्येक विहिरींत फ्लोराइड अधिक असून त्यानें दांत व हाडें बिघडतात. तो मिठाच्या जातीचा, म्हणून करवंटीच्या कोळशाच्या हातीं लागत नाहीं. मौज ही कीं हाडांचा कोळसा त्यास धरतो. कारण त्यांत कर्ब थोडा व हाडांतील चुन्याचा फॉस्फेट पुष्कळ असतो, आणि फ्लोराइडची ओढ त्या फॉस्फेटकडे असते. ज्या कोळशानें साखर बाटली म्हणून आपल्या लोकांनीं ती टाकिली, तोच येथें उपयोगी पडतो.

त्या कुटुंबाच्या घरीं आतां विहिरीचें पाणी प्रथम निवळूं देतात, मग कोळशांतून नेतात, आणि शेवटीं खळखळ उकळून झांकून ठेवितात. कोळशाची नळी बदलल्याची तारीख आई चुलीजवळच्या भिंतीवर खडूनें लिहून ठेविते. धाकटी यंदां आमच्या शाळेंत पांचवींत आली आहे.

ज्यांच्या घरीं असें यंत्र असेल त्यांनीं नळी बदलतेवेळीं जुन्यांतील मूठभर कोळसा कागदांत बांधून प्रयोगशाळेंत आणावा. मेथिलीन ब्लूची बाटली कपाटांत दुसऱ्या फळीवर आहे. त्या कोळशांत अजून किती जागा शिल्लक होती तें नव्या कोळशाशेजारीं ठेवून दहा मिनिटांत दाखवितां येईल. मंगळवारीं चार वाजतां आम्ही तेथें असतों.